जुनी एअर-कूल्ड बीटल रोज चालवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: १६०० सीसी, ड्युअल-पोर्ट (प्रत्येक हेडला मिश्रण आत घेणाऱ्या दोन वाटा असलेल्या) इंजिनाची जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली आहे. आधी कुणी काय काम केलं याची काहीच नोंद नाही. गाडी चालते, पण लांब नेली की तापल्यासारखी वाटते, आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, "एअर-कूल्ड आहे, तापणारच." रोज वापरता येईल इतकी भरवशाची करायची तर सुरुवात कुठून करायची?

"तापणारच" हे आधी डोक्यातून काढून टाका. याच आराखड्याची गाडी मेक्सिकोत २००३ पर्यंत तयार होत होती आणि उष्ण प्रदेशांत ती वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून राबली आहे. सगळे पत्रे जागेवर, ठिणगीचं टायमिंग बरोबर आणि ऑइल स्वच्छ असेल तर हे इंजिन तापत नाही. तापतं तेव्हा यातलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते सापडतंच. या गाडीचं वैशिष्ट्य असं की ती अचानक क्वचितच मरते. बहुतेक मोठे बिघाड आधी आकड्यांत दिसतात: टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली), ऑइलचं तापमान, क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल. म्हणून पान्याच्या आधी एक वही घ्या. का, ते टॅपेटच्या भागात कळेल.

खाली दिलेली मापं १३०० ते १६०० सीसीच्या टाइप-वन, म्हणजे बीटलच्या इंजिनांची आहेत. त्याहून जुन्या १२०० ची काही मापं वेगळी आहेत. सिट्रोएन टू-सीव्ही किंवा फियाट ५०० सारख्या गाड्यांना तत्त्व हेच लागू पडतं, पण आकडे त्यांच्या त्यांच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

पहिलं काम: पेट्रोलचे पाइप

इंजिनाच्या तब्येतीआधी हे काम, कारण जुन्या बीटल सगळ्यात वाईट रीतीने संपतात त्या आग लागून. इंजिनाचा केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. त्यामुळे आग लागल्यावर काय करायचं यापेक्षा ती लागू कशी द्यायची नाही, याला महत्त्व.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदला. चांगले दिसत असले तरी बदला. टाकीखालचा तुकडा, गिअरबॉक्सजवळचा, पंपाच्या आधीचा आणि पंप ते कार्बोरेटर, यांतला एकही सोडू नका. पाइपचा आतला व्यास सुमारे ५ मिमी असतो. जाड पाइप क्लॅम्पने आवळून बसवायचा प्रकार करू नका, तो आज ना उद्या निसटतो. वरून कापडी विणीचा पाइप जुन्या गाडीला शोभून दिसतो, पण आतलं रबर तडकलेलं बाहेरून कळत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या प्रकारचं रबर खातं, म्हणून इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच पाइप घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी न विचारता बदलत जा.

आता कार्बोरेटरकडे बघा. पेट्रोल आत येतं ती पितळी नळी कार्बोरेटरच्या अंगात नुसती दाबून बसवलेली असते, तिला आटे नसतात. थंडी-उष्णतेने ती हळूहळू सैल होते आणि एक दिवस पाइपासकट बाहेर येते. पंप चालूच असल्याने पेट्रोल थेट ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर सांडतं. इंजिन थंड असताना ती नळी बोटांनी फिरवून आणि ओढून बघा. जराही हलली तर काढून, आटे पाडून, आट्यांची नळी बसवून घ्या. हेच पंपाच्या नळ्यांच्या बाबतीत.

पेट्रोलचा फिल्टर पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये लोंबकळत असेल तर आजच काढा. तिथे तो गरम होतो, थरथरतो आणि त्याच्या वजनाने वरची नळी ओढली जाते. त्याची जागा टाकीखाली किंवा गिअरबॉक्सजवळ. शेवटचं म्हणजे, धातूची पेट्रोल लाइन इंजिनाच्या पुढच्या पत्र्यातून आत येते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. तो नसेल तर पत्रा घासून घासून लाइनच कापतो. गाडीत ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, मागच्या सीटच्या खाली नाही.

मागच्या सीटवरून आठवलं: बॅटरी तिथेच खाली असते आणि तिच्यावर झाकण लागतं. कुणी जड माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टर्मिनलला टेकतात आणि सीटमधला काथ्या धुमसायला लागतो. झाकण हरवलं असेल तर जाड रबराची चादर कापून पक्की बांधा.

टॅपेट

देखभालीचं एकच काम करायचं असेल तर हे करा, दर ५,००० किलोमीटरला. फट ०.१५ मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींची. इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. "दोन तास झाले, थंडच आहे" हे चालत नाही. सिलिंडर, हेड आणि पुशरॉड गरम झाल्यावर सारखे वाढत नाहीत, म्हणून कोमट इंजिनावर घेतलेलं माप खोटं असतं.

क्रम असा. गाडीचं तोंड ज्या बाजूला ती पुढची बाजू धरून: उजवीकडे पुढे १ नंबरचा सिलिंडर, उजवीकडे मागे २, डावीकडे पुढे ३, डावीकडे मागे ४. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. जनरेटरच्या पुलीच्या नटाला २१ चा पाना लावून इंजिन फिरवा आणि रोटर डिस्ट्रिब्युटरच्या काठावरच्या बारीक खाचेसमोर व खालच्या क्रँकच्या पुलीची खूण केसच्या जोडावर आणा. आता १ नंबरचा पिस्टन वर आहे आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. दोन्ही रॉकर हाताने हलवून खात्री करा. याच क्रँकच्या पुलीवर या खुणेच्या बरोबर समोर, अर्ध्या फेऱ्यावर, पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवा. १ नंबर झाला की पुली उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, अर्धा फेरा फिरवा: २ नंबर. पुन्हा अर्धा: ३. पुन्हा अर्धा: ४. फायरिंग ऑर्डर १-४-३-२ असल्याने उलटं फिरवलं की सरळ १-२-३-४ मिळतं आणि डोकं फिरत नाही. दर वेळी रोटर पाव फेरा सरकला पाहिजे.

लॉकनट १३ चा, काही जुन्या इंजिनांत १४ चा. नट सैल करा, स्क्रू फिरवा, फिलर गेज किंचित अडखळत सरकेल असं ठेवा, स्क्रू धरून नट आवळा आणि पुन्हा मापा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे दुसऱ्यांदा मापणं हा कामाचाच भाग आहे. स्क्रूचं टोक झिजून त्यात वाटीसारखा खड्डा पडला असेल तर गेज त्या खड्ड्याच्या कडांवर बसतं आणि फट प्रत्यक्षात मोजल्यापेक्षा जास्त असते. असे स्क्रू बदला, महाग नसतात.

शंका आली तर फट जरा जास्त ठेवा. जास्त फट नुसता आवाज करते. कमी फट असली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, ती वाट बंद झाली की व्हॉल्व्ह लाल होतो, जळतो किंवा त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. पिस्टन आणि हेड दोन्ही जातात.

आता ती वही. फट सेट करण्याआधी सापडलेलं माप प्रत्येक व्हॉल्व्हपुढे लिहा. आठ आकडे. सगळे ०.१५ च्या आसपास असतील तर प्रश्नच नाही. एखाद्याची फट दर वेळी कमीच सापडत असेल, विशेषतः ३ नंबरच्या एक्झॉस्टची, तर व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीटमध्ये धसतोय. पहिल्यांदा फट कमी झाली तर सेट करून हजार किलोमीटरने पुन्हा बघा. पुन्हा कमी झाली असेल तर गाडी उभी करा आणि हेड उतरवा. तुटायच्या आधी कळलं तर खर्च हेडपुरता, तुटल्यावर अर्ध्या इंजिनाचा. उलट एका बाजूच्या फटी दर वेळी वाढलेल्या सापडल्या तर हेडचे स्टड मऊ केसमधून उपटले जात असण्याची शक्यता आहे. तेव्हा सिलिंडरच्या बुडाशी फुसफुस ऐकू येते का बघा. त्यावर इलाज म्हणजे केसमध्ये स्टीलचे आटे बसवणं. नट आणखी आवळून ते बरं होत नाही, स्टड लवकर निघतो इतकंच.

झाकणांचे कॉर्क गॅस्केट झाकणाच्या बाजूनेच चिकटवा, हेडच्या बाजूला कोरडे ठेवा. तारेची क्लिप घट्ट बसली की पुरे. दोन्ही बाजूंना सीलंट फासलं की पुढच्या वेळी गॅस्केट फाटणार आणि त्याचे तुकडे ऑइलमध्ये जाणार.

ऑइल

या इंजिनात २.५ लिटर ऑइल असतं आणि मूळ रचनेत फिल्टर नाही, फक्त खाली तारेची जाळी. जाळीतून बारीक कण आरपार जातात. म्हणून दर ५,००० किलोमीटरला, आणि गाडी कमी चालत असेल तर सहा महिन्यांनी, ऑइल बदलायचंच. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरम होत नाही, पाणी आणि पेट्रोलची वाफ ऑइलमध्ये राहते आणि झाकणाखाली पिवळसर लोण्यासारखा थर धरतो. अशा वापरात तीन महिने बरे.

कुठलं ऑइल? फ्लॅट (कॅमवर सपाट घासणारे) टॅपेट असल्याने कॅमला झिंकयुक्त ऑइल लागतं, आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. जुन्या इंजिनांसाठी म्हणून मिळणारं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चांगलं. पण घट्ट ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज इथे उलटा पडतो. केसमध्ये एक प्रेशर रिलीफ पिस्टन असतो. ऑइल घट्ट असलं की तो दाबला जाऊन खाली राहतो आणि ऑइल कूलरला वगळून सरळ बेअरिंगकडे जातं. थंड हवेत २०डब्ल्यू-५० घातलं तर ऑइल बराच काळ कूलरमधून फिरतच नाही. कडक उन्हाळा असेल तिथे ते ठीक, एरवी १५डब्ल्यू-४०.

बदलताना इंजिन गरम असू द्या. खालच्या गोल प्लेटला सहा टोपीवाले नट असतात, प्रत्येकाखाली तांब्याचा वायसर. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक कागदी गॅस्केट. नटांचा टॉर्क फक्त ७ न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्याने मनगटाच्या जोराइतका. बहुतेक गाड्यांत हे स्टड कुणीतरी आवळून उपटलेले असतात आणि मग तिथून कायम गळतं. मध्ये ड्रेन बोल्ट असेल तर त्याला ३४ न्यूटन-मीटर. जाळी बसवताना ऑइल ओढणारी नळी जाळीच्या भोकात सैल नाही ना, हे पाहा. नळीच्या कडेने कचरा आत जात असेल तर जाळी असून नसल्यासारखी. जाळीत काय अडकलंय ते उजेडात बघा: काळी भुकटी ठीक, रुपेरी चमक म्हणजे बेअरिंग, चुंबकाला चिकटणारे तुकडे म्हणजे आणखी वाईट बातमी.

तुमचा लुकलुकणारा दिवा. इंजिन गरम, आयडल हळू, दिवा किंचित लुकलुकतो आणि जरा रेस केली की विझतो, तर घाबरू नका. आधी आयडल ८५० आरपीएमवर आहे का बघा, पातळी बघा, ऑइल किती जुनं आहे बघा. त्यानंतर तो रिलीफ पिस्टन काढा. पुलीच्या बाजूला, डावीकडे, केसच्या खालच्या अंगाला मोठ्या खाचेचा प्लग आहे, त्यामागे स्प्रिंग आणि मग पिस्टन. पिस्टन स्वतःच्या वजनाने बाहेर यायला हवा. खाली अडकला असेल तर दिवा लुकलुकतो, वर अडकला असेल तर थंड सकाळी दाब वाढून ऑइल कूलर किंवा त्याची सीलं फुटतात. बारीक पॉलिश पेपरने साफ करून परत बसवा. एवढं करूनही गरम इंजिनाचा दाब दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बारच्या बराच खाली असेल तर मग झीज. चालत्या गाडीत, वेगात असताना दिवा लागला तर मात्र बाजूला घेऊन त्याच क्षणी बंद करा.

पुढे कधी इंजिन उतरवाल तेव्हा केसला आटे पाडून पूर्ण प्रवाहाचा फिल्टर बसवून घ्या. या इंजिनातल्या सगळ्या फेरफारांत खरोखर पैसे वसूल करणारा हा एक आहे. क्रोमची झाकणं कूलिंगच्या दृष्टीने बिनकामाची, आणि क्रोमच्या टॅपेट कव्हरला गॅस्केट धरतही नाही.

हवा

पंखा जनरेटरच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याने ओढलेली हवा पत्र्यांतून सिलिंडरांवर, हेडवर आणि ऑइल कूलरवर. वर थंड हवेचा कप्पा, खाली गरम हवेचा, मध्ये पत्रे आणि रबर. या दोन कप्प्यांमधलं प्रत्येक भोक म्हणजे खालची गरम हवा वर येऊन पुन्हा पंख्यात जाणं. दिवसा इंजिन कप्प्यात मान घालून खाली बघा. जमीन दिसली तर ती वाट बुजवा. कप्प्याच्या कडेचं रबर सलग आहे का, चारही प्लगच्या वायरींवरचे रबरी टोप पत्र्यांच्या भोकांत बसलेत का, हीटर काढून टाकला असेल तर पंख्याच्या खोक्याची दोन मोठी तोंडं बंद केलीत का. ती उघडी राहिली तर सिलिंडरकडे जायची हवा बाहेर वाया जाते. सिलिंडरांच्या खाली, दोघांच्या मधल्या बाजूला बसणारे वळणाचे पत्रे बऱ्याचदा इंजिन जोडताना "हे काय उरलं" म्हणून टाकून दिलेले असतात. हवा सिलिंडरच्या मागच्या अंगाला वळवून नेणं हे त्यांचं काम, त्यांच्याशिवाय सिलिंडर एका बाजूने जास्त तापतात.

इथेही ३ नंबरचंच दुखणं. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या खोक्याच्या आत, ३ नंबरच्या डोक्यावर उभा असे आणि त्याला कूलरमधून गरम झालेली हवा मिळे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर खोक्याबाहेर, स्वतःच्या वेगळ्या कोनाड्यात गेला. तुमच्या ड्युअल-पोर्टला तो असायला हवा, पण गाडीवर जुनं खोकं चढवलेलं असू शकतं. मागच्या बाजूला कूलरचा उभा कोनाडा दिसतोय का बघा. नसेल तर बदलण्यासारखा आहे.

थर्मोस्टॅट काढू नका. उजव्या सिलिंडरांखाली ॲकॉर्डियनसारखी डबी असते, ती ६५ ते ७० अंशांना पूर्ण फुलून खोक्यातल्या झडपा उघडते. बिघडली तर झडपा उघड्याच राहतात, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते. थर्मोस्टॅट काढून झडपाही फेकल्या तर हवेचं वाटप बिघडतं आणि थंड इंजिन गरम व्हायला जास्त वेळ घेतं. झीज सगळ्यात जास्त होते ती याच काळात.

गाडी बराच काळ उभी असेल तर खोकं उचलून बघितल्याशिवाय लांब नेऊ नका. उंदरांना ही जागा फार आवडते. घरट्याचा कापूस, वाळकी पानं, ऑइलच्या ओलाव्यावर बसलेली धूळ हे सगळं कूलरच्या आणि हेडच्या पात्यांमध्ये गच्च बसतं. त्या इंजिनाचं टायमिंग आणि ऑइल कितीही बरोबर असलं तरी ते तापतं. तसंच इंजिन कप्प्यात फडकं विसरू नका, पंखा ते ओढून घेतो.

तापतंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. ऑइलचं तापमान ९० ते ११० अंश सामान्य, १२० च्या वर राहत असेल तर कारण शोधा. डिपस्टिकच्या जागी बसणारा सेन्सर आणि एक मीटर घेतलात तर निम्म्या शंका मिटतील.

फॅन बेल्टचा ताण जनरेटरच्या पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या शिमवर (पातळ चकत्यांवर) असतो. अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर बेल्ट सुमारे १५ मिमी दबला पाहिजे. घट्ट करायचा तर मधली एक शिम काढून नटाच्या बाजूला बाहेर ठेवायची, सैल करायचा तर बाहेरची आत. काढलेली शिम फेकायची नाही, पुढच्या बेल्टला लागते. नट खोलताना पुलीच्या कडेच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून तो जनरेटरच्या बोल्टला टेकवायचा म्हणजे पुली फिरत नाही. आवळताना मध्ये मध्ये पुली फिरवत राहा, नाहीतर बेल्ट दोन अर्ध्यांमध्ये चिमटतो आणि त्याच जागी फाटतो. नवा बेल्ट शंभर-दीडशे किलोमीटरवर ताणतो, तेव्हा पुन्हा बघा. आणि हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा: लाल चार्जिंगचा दिवा लागला म्हणजे बहुधा बेल्ट तुटलाय, पंखा थांबलाय. इतर गाड्यांसारखं "घरी जाऊन बघू" इथे नाही, मिनिटभरात थांबायचं.

टायमिंग आणि कार्बोरेटर

पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघड-मीट करणाऱ्या संपर्कांची) फट ०.४ मिमी, ड्वेल (ते मिटलेले राहतात तो कोन) ५० अंशांच्या आसपास. पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं, त्यामुळे आधी पॉइंट, मग टायमिंग, हा क्रम उलटा करायचा नाही. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा नंबर वाचा, कारण टायमिंग त्यावर ठरतं, इंजिनावर नाही. ०१० ने संपणारे किंवा ००९ ने संपणारे नुसते सेंट्रिफ्युगल, म्हणजे फक्त इंजिनाच्या वेगावर ठिणगी पुढे नेणारे असतात: त्यांना आयडलला नाही, ३,५०० आरपीएमच्या वर, २८ ते ३२ अंश पुढे लावायचं. व्हॅक्यूमवाल्यांना मॅन्युअलमधला आकडा, आणि नळी काढायची की ठेवायची हेही तिथेच. नंबर कोणताही असो, शेवटी टायमिंग लाइटने पूर्ण ॲडव्हान्स (ठिणगी जास्तीत जास्त किती आधी पडते ते) तपासा. तो जास्त झाला तर पिस्टनवर ठोका बसतो, आणि पंख्याच्या आवाजात तो ठोका ऐकूही येत नाही.

३४ पिक्ट-३ कार्बोरेटरला डाव्या बाजूला दोन स्क्रू असतात. मोठा बायपासचा, त्याने आयडलचा वेग, लहान व्हॉल्यूमचा, त्याने मिश्रण. थ्रॉटलच्या दांड्यावरच्या स्क्रूने आयडल वाढवायची सवय वाईट: तो नुसता टेकवून पाव फेरा आत, बस्स. लहान स्क्रू हलकेच पूर्ण आत नेऊन अडीच फेरे बाहेर, मग मोठ्याने ८५०, मग लहानाने सगळ्यात जास्त आरपीएम शोधा आणि तिथून किंचित आत. स्क्रूंना काहीच फरक पडत नसेल तर कुठेतरी हवा आत येतेय. ड्युअल-पोर्टमध्ये मॅनिफोल्डच्या दोन रबरी बूटांवर पहिला संशय.

थंड, दमट हवेत पिकअप अडखळत असेल तर मॅनिफोल्डच्या खालची बारीक प्रीहीट नळी कार्बनने बंद झालेली असते. इंजिन गरम असताना तिला हात लावता आला तर ती बंद आहे. ००९ डिस्ट्रिब्युटर आणि हा कार्बोरेटर यांच्या जोडीतही थोडा अडखळा राहतोच. तो पंप जेट वाढवून झाकण्यापेक्षा व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर लावा.

प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून प्लग पहिले काही आटे रबरी नळीच्या तुकड्याने बोटांनीच फिरवायचे. पान्याने सुरुवात केली आणि आटे गेले तर हेड उतरवावं लागतं.

क्रँक, क्लच, गिअरबॉक्स

इंजिन किती दिवसांचं सोबती आहे हे एका मापात कळतं. पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. डायल गेजवर ०.०७ ते ०.१३ मिमी उत्तम, ०.१५ ही मर्यादा. हाताला स्पष्ट "टक्" जाणवली तर मर्यादा ओलांडलेली आहे, आणि तशीच चालवली तर केसमधली बेअरिंगची जागा ठोकली जाते. हे माप गाडी घेण्याआधी बघायचं असतं, पण आता तरी वहीत लिहा.

क्लचच्या पॅडलला १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी, गिअरबॉक्सजवळच्या विंगनटने ती जुळते. क्लच सोडताना गाडी थरथरत असेल तर लगेच क्लच प्लेट बदलू नका: केबल ज्या लवचीक नळीतून जाते तिला २५ ते ४५ मिमीचा झोळ लागतो. तो वायसर घालून किंवा काढून जुळवला की थरथर बऱ्याचदा जाते.

गिअरबॉक्सला जीएल-४ ऑइल, ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ नको, जुन्या सिंक्रो रिंगांशी ते पटत नाही. बदलताना अडीच ते तीन लिटर, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. भरायचा प्लग आधी सुटतो का बघा आणि मगच खालचा खोला.

वीज आणि ब्रेक

गरम इंजिनावर स्टार्टर नुसता "टक्" करतो ही या गाड्यांची ठरलेली तक्रार. स्टार्टर बदलण्याआधी गिअरबॉक्सच्या नाकापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बसवा. तरी राहिलं तर सोलेनॉइडच्या वायरला रिले लावा, कारण ती वायर पुढच्या इग्निशन स्विचपर्यंत जाऊन परत येते आणि वाटेत व्होल्टेज गळतं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ड्रमचे ब्रेक आपोआप जुळत नाहीत. पॅडल खाली जायला लागलं की चाक उचलून, बारीक दातांची चाकं फिरवून, चाक अडेपर्यंत आवळायचं आणि मोकळं फिरेपर्यंत सैल करायचं. जुने रबरी होज आतून फुगतात, ब्रेक सोडल्यावर एक चाक धरून राहत असेल तर व्हील सिलिंडरआधी होज बघा. पुढच्या ॲक्सलला ग्रीस देताना चाकं हवेत उचललेली असावीत, म्हणजे जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं आत जातं.

मागच्या चाकांचा मधला ३६ चा नट किमान ३०० न्यूटन-मीटरला आवळलेला आणि पिन घातलेला असायला हवा. पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळा, मागे सैल करू नका. हा नट सैल राहिला की ड्रमच्या आतल्या खाचा झिजतात आणि मग इंजिन फिरतं, चाक फिरत नाही. गाडी ताब्यात आली त्या आठवड्यात लांब दांड्याने दोन्ही नट तपासा.

चालवताना एकच लक्षात ठेवा: पंखा इंजिनाच्या वेगाने चालतो. चढावर चौथ्यात, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून रेटत नेलं तर भार पूर्ण आणि हवा कमी. तिसऱ्यात टाका, आवाज वाढू द्या. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं उभं ठेवून गरम करण्याची गरज नाही, अर्ध्या मिनिटाने हळू निघायचं.

डिकीत कायम हे असू द्या: एक फॅन बेल्ट, २१ चा पाना, मोठा स्क्रू-ड्रायव्हर, १३ चा पाना, फिलर गेज, पॉइंट आणि कंडेन्सरचा जोड, रोटर, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलच्या पाइपचा मीटरभर तुकडा दोन क्लॅम्पसह, फ्यूज आणि एक लिटर ऑइल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावली असेल तरी जुने पॉइंट सोबत ठेवा, प्लेटसकट. मॉड्यूल जातं तेव्हा आधी काही कळत नाही आणि रस्त्यावर दुरुस्तही होत नाही. पॉइंट मात्र वीस मिनिटांत बसतात.